आणि घर कोणी रंगवलं?

परवा आईंसोबत 'क्विअर आय' पुन्हा बघायला घेतलं, पाच समलिंगी मंडळी एखाद्याचे कपडे, केस, घर सगळं पालटून देतात तो अमेरिकन शो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 76, रामबागेत जन्म आणि रामबागेतच संसार. 2003 साली ब्राव्हो चॅनेलवर आलं होतं ते नव्हे, 2018 च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने नव्याने आणलं ते. जुन्याच्या नावाला 'फॉर द स्ट्रेट गाय' असं शेपूट होतं, ते यात छाटलंय. न्यूयॉर्क सोडून मंडळी थेट जॉर्जिया राज्यात.

मी आधी जरा घाबरत घाबरत सांगितलं, की हे पाचही जण वेगळे आहेत बरं का. आई म्हणाल्या, "ते कळलं गं. तो दाढीवाला केस किती छान राखतो, बघ." विषय संपला. (समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम 377 चा निकाल 2018 च्याच 6 सप्टेंबरला आला, तेव्हा आमच्या खानदानी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभरात फक्त पोह्यांचा एक फोटो पडला होता.)

हा शो आला तेव्हा लोक रडले, समीक्षक खूश झाले, त्याच वर्षी एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कारही मिळाला. मोठे बाप्ये कॅमेऱ्यासमोर रडतात याचं भारी कौतुक झालं. टीकाही झालीच. पाचांतला स्वयंपाकवाला अँटोनी, त्याला खरंच स्वयंपाक येतो की नुसता अ‍ॅव्होकाडो कुस्करता येतो, यावर लोकांनी इतके मीम केले की बिचाऱ्याची दया यावी. मला तो वाद फालतू वाटतो. ज्याने आयुष्यात गॅस पेटवला नाही त्याला कोशिंबीर शिकवली तरी पुष्कळ झालं. पण पोलिसवाल्याच्या भागावरची टीका मला पटते. पाचांतला कृष्णवर्णीय करामो गाडी चालवतोय, पोलीस गाडी अडवतो, आणि मग कळतं की गंमत होती. कसली गंमत? पुढे गाडीत करामो आणि ज्याच्यासाठी मंडळी आलीत तो पोलिसवाला, या दोघांचं मोकळं बोलणं होतं, ते चांगलंच आहे, पण एवढ्या जुन्या जखमेवर एका फेरफटक्यात फुंकर मारून मोकळं व्हायचं?

आईंचं लक्ष मात्र भलतीकडेच. दोन भाग झाले आणि त्यांनी विचारलं, "आणि घर कोणी रंगवलं?"

बॉबीने, म्हटलं. बॉबी बर्क. बाकीचे कपडे घेतात, केस कापतात, मनातलं बोलतं करतात, आणि हा तेवढ्या चार-पाच दिवसांत अख्खं घर पालटतो. पडद्यावर दिसतो किती? एक भिंत, एक सोफा, संपलं. आमच्याकडे गेल्या दिवाळीआधी दोन खोल्यांना 11 दिवस लागले. पुट्टी वाळेना, त्यात रंगारी गावी निघून गेला, आणि आम्ही सगळे ओसरीवर भांड्यांच्या ढिगात झोपत होतो. हाताखाली माणसांची फौज असणारच बॉबीच्या, मान्य. तरीही. प्रेक्षकांच्या हे लक्षात आलं, अ‍ॅव्होकाडोवाला आणि बॉबी शेजारी ठेवून विनोदही झाले, पण कौतुकाचे रकाने भरले ते अश्रूंनीच. आठव्या सीझननंतर तो बाहेर पडला, नवव्यात जेरेमाया ब्रेंट आला. मला आश्चर्य वाटलं नाही.

दुसऱ्या सीझनचा पहिला भाग बघताना तर आई ताठच बसल्या. जॉर्जियातलं छोटंसं गाव, नावच 'गे'. तिथल्या एका चर्चसाठी सामुदायिक सभागृह नव्याने करून द्यायचंय. बॉबी कडक धार्मिक वातावरणात वाढलेला, पंधराव्या वर्षी घर सोडलेला. बाकीचे चर्चमध्ये जातात, हा पायरी चढत नाही. सभागृह मात्र झकास करून देतो.

आईंनी टीव्ही थांबवायला लावला. त्यांचं लग्न झालं तेव्हा मांडव घालणारा दाराबाहेर उभा राहून जेवला होता, हे त्यांनी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. नाव आठवत होतं त्यांना. मग म्हणाल्या, "पण त्याला तर आत बोलावत होते ना गं? हाच गेला नाही." आणि थोड्या वेळाने, "नसेल जाववलं."

पुढचा भाग उद्या दुपारी, त्यांची झोप झाल्यावर.