चक्री हिमनांगर सहसा स्वतः चालत नाही
रेल्वेमार्गावरील बर्फ हटवण्याविषयीच्या आपल्या लेखात चक्री हिमनांगराला, म्हणजे पुढच्या फिरत्या पात्यांनी रुळांवरचा बर्फ हटवणाऱ्या वाहनाला, ‘बर्फ कापणारे इंजिन’ म्हटले आहे, तेथे एक दुरुस्ती आवश्यक वाटते. त्याच्या आतील वाफेचे किंवा डिझेलचे यंत्र सहसा केवळ पुढचे पात्यांचे चक्र फिरवते. रुळांवरून त्याला मागची इंजिने ढकलतात. पाचरीच्या आकाराचा साधा नांगर बर्फ बाजूला सारतो, परंतु डोंगर कापून काढलेल्या अरुंद मार्गात तो सारायला जागाच नसते, म्हणून बर्फ कापून दूर फेकणाऱ्या चक्राची कल्पना १८६९ मध्ये कॅनडातील दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी मांडली. भुसावळला आम्ही उन्हाने तापलेले रूळच पाहत आलो; तरी काश्मीरमधील बनिहाल–बारामुल्ला मार्गावर आपलीच रेल्वे हिवाळ्यात बर्फ हटवून गाड्या चालवते, त्याचा उल्लेख लेखात यायला हवा होता.