संशोधकांचं नेतृत्व करताय? आधी स्वतःची सही सांभाळा

पीएच.डी.च्या पोरांचा प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव पुढं आलंय, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. निवडणूक झाली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका 1990 च्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं त्या कागदावर परत आणल्या, 2019 ला घ्यायचं ठरलं आणि विधानसभेच्या गडबडीत ते पुढं ढकललं गेलं. समजा, झाल्याच असत्या, तरी तुम्ही त्यात बसला असता का? 2006 साली लिंगडोह समितीनं संशोधक विद्यार्थ्याला उमेदवारीसाठी वयाची मर्यादा घालून दिली, 28 वर्षं. आपल्या सांगलीचा गडी आधी नेट-सेट या पात्रता परीक्षा, मग चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर तास, मग लग्न, मग पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, या क्रमानं येतो. अठ्ठावीस पूर्ण होतात तेव्हा तो गाईडच्या केबिनबाहेर उभा असतो. तेव्हा विभागप्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवत "तूच बघ की रे" म्हटलं, हेच मतदान समजा.

आता कामाचं बोलू. प्रतिनिधी झाल्यावर पहिला मोह होतो नियम वाचायचा. तो टाळा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2022 चे पीएच.डी.चे नियम फार घातक आहेत. थिसिस जमा केल्यापासून व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत उरकावं, असं त्यात लिहिलंय. संशोधक बाईला पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा घेता येते. शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम द्यायचं तर आठवड्याला चार ते सहा तास. प्राध्यापकाकडं एका वेळी आठ, सहयोगीकडं सहा, सहायककडं चार, याच्यावर विद्यार्थी नकोत. हे वाचलेला एक प्रतिनिधी बैठकीत "पण सर, नियमात तसं आहे" एवढंच म्हणाला होता. पुढच्या आठवड्यापासून सरांना त्याच्या तिसऱ्या प्रकरणात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसायला लागल्या. चौथं प्रकरण त्यांनी अजून उघडलेलं नाही.

म्हणून प्रतिनिधीनं एक गोष्ट कधी विसरू नये. तुमच्या सहामाही प्रगती अहवालावरही सही लागतेच, आणि ज्यांच्याविरुद्ध तुम्हाला बोलायचंय, ते त्याच टेबलावर बसून ती करतात. कामगारांचा पुढारी मुकादमाच्या खिशातला पेन उसना घेऊन संपाची नोटीस लिहीत नाही. तुम्हाला मात्र लिहायचीय, आणि पेन परतही द्यायचाय.

घाबरू नका, यावर आपल्याकडं फार जुना उपाय आहे. निवेदन. निवेदनाची भाषा सांभाळली की अर्धं काम झालं. 'मागणी' हा उद्धट प्रकार, तो नको. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' लिहा. 'सहा महिने उलटून गेले' असं न लिहिता 'काही कालावधी लोटला आहे' असं लिहा. तारखा टाकू नका, तारखा बोचतात. खाली सत्तर जणांच्या सह्या घ्यायला निघाल तर पंचेचाळीस जण "माझा सिनॉप्सिस आहे रे पुढच्या महिन्यात" म्हणतील, वीस जण फोन उचलणार नाहीत, आणि उरलेले पाच जण सही अशी करतील की त्यांच्या आईलाही वाचता येऊ नये. हरकत नाही. 'समस्त संशोधक विद्यार्थी' एवढं पुरतं.

मग सकाळच्या एसटीनं विद्यापीठात जा. आवक-जावकच्या खिडकीवरच्या गृहस्थांना 'भाऊसाहेब' म्हणा. 'ओ क्लार्क' म्हणालात तर परतीची एसटी रिकाम्या हातानं. भाऊसाहेब कागद उलटा धरतील, सुलटा धरतील, "परिशिष्ट कुठाय?" म्हणतील. परिशिष्ट नसतंच, पण विचारायची पद्धत आहे. मग शिक्का शोधतील. शिक्क्यावरची तारखेची पट्टी परवावर अडकलेली असेल. ते ती पेनाच्या टोकानं एक घर पुढं सरकवतील, म्हणजे काल होईल. शाईचा पॅड वाळलेला असेल, त्यावर दोन थेंब पाणी. उमटेल ते अर्धवर्तुळ. ते अर्धवर्तुळ म्हणजे तुमच्या लढ्याची पोच. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका. खाली एकोणचाळीस अंगठे येतील. निवेदनावर सही न करणारेही अंगठा देतात, ही आपल्या चळवळीची ताकद.

कुलगुरूंना निवेदन देताना फोटो हवाच. कागदाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तुमच्या, दोघांचंही तोंड कॅमेऱ्याकडं. त्या क्षणी कागदाकडं बघू नये, अपशकुन होतो.

फेलोशिपचा विषय निघाला तर मात्र आवाज चढवायला हरकत नाही, कारण तो मुंबईचा आणि दिल्लीचा प्रश्न आहे. लांबच्या सरकारविरुद्ध बोलल्यानं प्रकरण तीन अडत नाही. जेआरएफवाल्याला (केंद्राची फेलोशिप असलेल्याला) 2023 पासून महिना 37,000 ठरलेत, ते महिन्याच्या महिन्याला का येत नाहीत असं खुशाल विचारा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या फेलोशिप देणाऱ्या संस्थांच्या रांगेत उभ्या असलेल्यांसाठी घोषणा द्या. डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार, असं विचारलं होतं; त्याचा निषेध करायला तर सगळे गाईडसुद्धा आले होते. ज्याला यातलं काहीच मिळत नाही, जो सकाळी सीएचबीवर आणि संध्याकाळी विश्रामबागच्या क्लासमध्ये शिकवून फी भरतो, त्याच्याविषयी निवेदनात एक ओळ घाला. शेवटची.

आता व्हायवा. इथं प्रतिनिधीची खरी कसोटी, कारण संशोधकाला इथंच सगळ्यात जास्त प्रश्न पडतात आणि त्यातला एकही थिसिसबद्दल नसतो. बाहेरून येणाऱ्या परीक्षक साहेबांना विद्यापीठ भत्ता देतं. तरीही मिरज जंक्शनला गाडी घेऊन कुणी जायचं? लॉजचं बिल कुणाच्या नावावर? जेवण शाकाहारी की कोल्हापुरी? परतीला भडंगाची पाकिटं किती आणि हळद सेलमची की सांगलीची (हा प्रश्न एका साहेबांनी खरंच विचारला होता, आणि त्यावर आमच्या एका मित्रानं थिसिसपेक्षा चांगलं उत्तर दिलं होतं)? शाल किती रुपयांची घेतली म्हणजे हलकी वाटणार नाही? यातलं काहीही नियमात नाही, म्हणून याविरुद्ध निवेदनही देता येत नाही. शहाणा प्रतिनिधी विरोध करत बसत नाही. तो यादी करतो. कोणत्या साहेबांना काय चालतं याची यादी ज्याच्याकडं असते, त्याला विभागात मान असतो.

तरीही एखादी येतेच. पाचवं वर्ष, गाईड फोन उचलत नाहीत, शोधनिबंधावर स्वतःचं नाव पहिलं घालतात, त्यांच्या मुलाच्या क्लासच्या नोट्स हिनं टाईप केलेल्या. आयर्विन पुलाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा देतात, 45 ला धोका; या बाईचं पाणी कधीच त्यावर गेलेलं असतं. ती विचारते, "दादा, तक्रार निवारण समिती असते ना?" असते. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणं समितीनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि नाही पटलं तर वर लोकपाल असतो, निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. समितीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणूनही असतो. हे तिला सांगू नका. सांगितलंत तर ती विचारेल, "मग तुम्ही याल माझ्याबरोबर?" त्याऐवजी डोक्यावर मोठ्या भावासारखा हात ठेवा आणि म्हणा, "ताई, एवढी वर्षं काढलीस, आता कशाला वाकडं घेतेस? सही झाली की सुटलीस." हे वाक्य आपल्याकडं इतक्या वेळा, इतक्या मायेनं म्हटलं गेलंय की म्हणणाऱ्यालाही ते खरं वाटतं.

एखादा जास्त वाचलेला पोरगा जर्मनीचा दाखला देईल. तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या कायद्यातच पीएच.डी. करणाऱ्यांच्या वेगळ्या मंडळाची तरतूद आहे म्हणेल. त्याला खजिनदार करून टाका. खजिन्यात काही नसतं, पण माणूस गुंततो.

तुमचा स्वतःचा थिसिस जमा होईपर्यंत हे असं दोन-तीन वर्षं निभवा. मग पद सोडा, तेही भर सभेत, 'नव्या रक्ताला संधी' वगैरे म्हणून. पुढचा प्रतिनिधी निवडताना फेलोशिपवाला, कोर्सवर्क नुकतंच संपलेला, गाईडच्या घरी गौरी-गणपतीला आवर्जून जाणारा असा बघा. ग्रुपचं अ‍ॅडमिनपद त्याला द्या. निवेदनांची फाईल मात्र देऊ नका. अर्धवर्तुळाचे शिक्के असलेले ते सगळे कागद क्रमानं लावा, वर कुलगुरूंबरोबरचा फोटो रंगीत प्रिंट काढून जोडा आणि स्पायरल बाइंडिंग करा. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत 'सामाजिक योगदान' म्हणून विचारतात, आणि पॅनेलवर तुमचे गाईड असतील तर ते मान डोलावतील.