काका, नसा म्हणजे मोरीचा पाइप नव्हे

आमचे काका रोज पहाटे गंगापूर रोडला फिरायला जातात. तिथल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जिंको नावाच्या झाडाच्या पानांपासून केलेल्या कॅप्सूलचा मेसेज आला आणि दोन वर्षांपूर्वी लकवा होऊन गेलेल्या या माणसाने डबी मागवलीसुद्धा. मेसेज म्हणतो: २१ दिवसांत मेंदूच्या बंद नसा उघडतात, स्मृतिभ्रंश टळतो, चरकसंहितेत उल्लेख आहे, नैसर्गिक असल्याने अपाय शून्य, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येतात.

शेवटचं आधी घेतो, कारण काकांनी खरंच चार दिवस गोळी घेतली नव्हती! काकूंना गोळ्यांची न संपलेली स्ट्रिप दिसली म्हणून कळलं. लकव्यानंतर ती गोळी रक्ताची नवी गाठ होऊ नये म्हणून असते. मनाने बंद केली तर दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. बरं, दोन्ही सोबत घ्यावं म्हटलं, तर रक्तस्रावाची भीती. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत जिंको डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, असा इशारा असतो. मेसेज पाठवणारा यातलं काय निस्तरणार आहे?

चरकाचं सोडाच. झाड मूळचं चीनचं. आणि नैसर्गिक तर विषारी धोतराही आहे.

स्मृतिभ्रंशाचं मात्र नीट तपासलं गेलंय. अमेरिकेत सरकारी पैशाने ३,०६९ ज्येष्ठांवर चाचणी झाली, सगळे ७५ च्या पुढचे. निम्म्यांना १२० मिलिग्रॅम जिंको दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. साधारण सहा वर्षं पाठपुरावा. २००८ मध्ये निकाल आला: जिंकोवाल्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश, पोकळ गोळीवाल्यांत २४६. म्हणजे फायदा नाहीच. त्याच लोकांत हृदयविकार आणि लकवाही कमी झाला नाही.

रक्तपुरवठ्याबद्दल एवढं कबूल करतो, की ९ जणांच्या एका छोट्या अभ्यासात चार आठवड्यांनी एमआरआयवर मेंदूतला रक्तप्रवाह किंचित वाढलेला दिसला होता. नऊ जण! आणि प्रवाह जरासा वाढणं म्हणजे बंद नस उघडणं नव्हे.

डॉक्टरांशी बोलून काकांची गोळी पुन्हा सुरू झालीय. डबी अजून फ्रिजवर आहे. "पैसे मोजलेत रे," म्हणतात.