ते ३० कुणी ठरवलं होतं?

गेले दोन महिने एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टीमवर न्यायचं काम चाललंय. संस्था सोलापूरचीच, नाव विचारू नका. सभासद बहुतेक पूर्व भागातले, टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले कामगार, विडी वळणाऱ्या बायका. सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रोमधलं आणि त्याच्या पोटात डॉसच्या काळातल्या फायली. परवा एक मित्र येऊन स्क्रीनकडं बघत म्हणाला, "काय करलालास बे? इकडचा डेटा तिकडं टाकायला दोन महिने?" त्याला तिथं धड सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय.

टाकायला एक दुपार लागते हो. जुनं टेबल उघडायचं, नावाचा कॉलम कॅरेक्टर ३० (म्हणजे ३० अक्षरांची जागा) दिसला की नव्या डेटाबेसमध्ये व्हारचार ३० (३० पर्यंत मावणारा मजकूर) करायचा, पत्त्याचं तेच, शेऱ्याचं तेच, झालं मायग्रेशन. निम्मे लोक असंच करतात आणि बिल पण लावतात. माझं म्हणणं एवढंच हाय की ते ३० कुठनं आलं हे विचारल्याशिवाय पुढं न्यायचं नाही. मी विचारलं. तिथं एक अण्णा आहेत, कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनचे, ते म्हणाले, "अहो इंजिनीअरसाहेब, पासबुकाच्या प्रिंटरवर तेवढंच बसायचं की!" म्हणजे माणसाच्या नावाची लांबी डॉट मॅट्रिक्सनं ठरवलेली. तो प्रिंटर भंगारात जाऊन किती वर्षं झाली, आणि आपण त्याचं माप नव्या सर्व्हरवर घेऊन चाललोय.

बरं, माप तरी कशाचं? अक्षरांचं की बाईटचं, म्हणजे साठवायला लागणाऱ्या जागेचं? सगळा घोळ इथं होतो आणि मराठी माणसाला तो जरा जास्तच नडतो. 'सोलापूर' लिहिलं तर डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पण काना, मात्रा, ऊकार सुटे धरून युनिकोडला (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) ती ७ होतात, आणि ते क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट खातं, म्हणजे झाले २१. आता ओरॅकल या डेटाबेसमध्ये व्हारचार२ (तिथलं व्हारचार) पुढं नुसतं २० लिहिलं तर डिफॉल्टला ते २० बाईट धरले जातात, म्हणजे गावाच्या कॉलममध्ये आपलं गावच मावत नाही! मुंबई मावते, पुणे मावतं, सोलापूर एका बाईटनं बाहेर. (यावर राजकीय कमेंट करू नका.) २० च्या पुढं कॅर (CHAR, म्हणजे अक्षरं) लिहिलं की प्रश्न मिटतो, पण टेस्टिंग इंग्रजी नावांवर करणाऱ्याला हे कळणार कधी? पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दुसरे डेटाबेस अक्षरं मोजतात (काना-मात्रा सुटे धरून), एसक्यूएल सर्व्हरचं साधं व्हारचार बाईट मोजतं. तिथं मराठीला एनव्हारचार (युनिकोडवालं व्हारचार) घ्यायचं, आणि क्वेरीत मजकुराच्या आधी तो एन लावायला विसरलात तर कॉलम बरोबर असूनही आत नुसती प्रश्नचिन्हं जाऊन बसतात. प्रश्नचिन्ह झालं की मूळ मजकूर गेलाच, परत येत नाही.

मायएसक्यूएलची तर वेगळीच खोडी. त्याचं जुनं 'यूटीएफ८' ३ बाईटपर्यंतच जातं. मराठी त्यात मस्त बसते, त्यामुळं आपण टेस्ट करतो, सगळं पास, पेढे वाटतो, आणि मग कुणीतरी शेऱ्यात व्हॉट्सॲपवरनं कॉपी करून हात जोडलेला इमोजी टाकतं. तो ४ बाईटचा. एरर. यूटीएफ८एमबी४ घ्या, २०१८ च्या ८.० पासून तेच डिफॉल्ट हाय.

आमच्या फायलीत तर एकाच कॉलममध्ये दोन जमाने नांदतात. डॉसच्या वेळची नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि विंडोज आल्यावरची जुन्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे आत साठवलेले कोड भलत्याच अक्षरांचे आणि वर फॉन्टचा मुखवटा. कुठली ओळ कुठल्या जमान्यातली याची खूण कुठंच नाही. त्यात त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. असला डेटा थेट टेक्स्ट म्हणून ओतला की मधेच कन्व्हर्जन होऊन काही बाईट कायमचे मरतात. म्हणून मी आधी कच्च्या टेबलमध्ये बायनरी म्हणूनच घेतो, जसाच्या तसा, मग सावकाश कन्व्हर्ट करतो. जागा जास्त जाते, जाऊ दे.

शेवटी पोस्टग्रेस घेतलं आणि नाव, पत्ता, शेरा सरळ टेक्स्ट केलं, म्हणजे लांबी न ठरवलेला मजकूर. "टेक्स्ट स्लो असतं ना?" असं दोघांनी विचारलं. पोस्टग्रेसमध्ये तसं काही नाही, टेक्स्ट आणि व्हारचार आतनं एकच, उलट ठराविक लांबीच्या कॅर (CHAR) कॉलममध्ये मजकुराच्या मागं रिकाम्या जागा भरल्या जातात तेवढा खर्च वाढतो. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी मात्र हे वाचून टेक्स्ट घेऊ नका, तिथलं टेक्स्ट आणि एनटेक्स्ट २००५ पासून निवृत्तीच्या यादीत आहेत, तुमच्यासाठी एनव्हारचार मॅक्स.

म्हणजे सगळंच मोकळं सोडा असं पण नाही. पॅन १० चा, आयएफएससी ११ चा, तिथं लांबी हा खरा नियम हाय, तिथं कडक राहायचं. आयएफएससीचं पाचवं अक्षर शून्य असतं आणि लोक तिथं इंग्रजी ओ मारतात, लांबी तपासून ते सापडणार नाही, डेटाबेसमध्ये वेगळी तपासणी लावावी लागते. आणि फोन नंबरला इंटिजर (पूर्णांक) करणाऱ्याला तर चौकात उभा करावा. आपला एसटीडी कोड ०२१७, इंटिजर केला की राहिला २१७. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा असला तरी टेक्स्टच.

पत्त्यांनी सगळ्यात छळलं. तीन कॉलम, प्रत्येकी ३० चे, आणि लिहिणारे लिहीतच गेलेले. पहिल्यात 'अक्कलकोट रोड एमआयडी' आणि दुसऱ्यात 'सी'. मधे स्पेस देऊन जोडलं तर शब्द फुटतो, न देता जोडलं तर पुढच्या माणसाचं 'विजापूर वेसगल्ली नं ३' होतं. पहिला कॉलम काठोकाठ भरलेला असेल तर स्पेस नको असा नियम केला, तरी काही ओळींमध्ये शब्द नेमका काठावरच संपलेला. त्या ओळी मी आणि अण्णांनी बसून हातानं बघितल्या, चहावर चहा. शोधताना आणखी एक निघालं, 'ॲड.' दोन प्रकारे टाईप होतं, एकसंध ॲ किंवा अ वर चंद्र, दिसायला सेम, डेटाबेसला दोन वेगळे वकील.

सोमवारी नव्या सिस्टीमवर एंट्री सुरू झाली. अण्णांना सांगितलं, आता नाव कितीही मोठं लिहा, कापलं जाणार नाही. त्यांनी मान डोलावली, चष्मा वर केला आणि पहिल्या सभासदाचं नाव टाईप केलं: 'मल्लि. सिद्धे.'