ओंडक्याच्या पोटातलं

ओंडका विकणारा आणि घेणारा, दोघांपैकी कुणीही माल आतून पाहिलेला नसतो. तरी एक जण "आत सोनं आहे साहेब" असं छातीठोकपणे सांगतो आणि दुसरा मान डोलावत खिशात हात घालतो. मी ओंडका बघायला निघालो की टेप, पाण्याची बाटली, ताठ ब्रश आणि संशयी स्वभाव एवढं बरोबर घेतो. पहिल्या तीन वस्तू विसरल्या तर उसन्या मिळतात.

पाणी आणि ब्रश टोकांसाठी. कापलेलं टोक बघता बघता करडं पडतं, वर चिखल बसतो आणि दोष त्याखाली सुखाने नांदतात. टोक घासून ओलं केलं की वलयं, डाग, भेगा सगळं वर येतं, आणि विकणाऱ्याला अचानक फोन येतो.

मध्यापासून सालीकडे धावणाऱ्या भेगा बहुधा वाळण्याच्या असतात. लाकूड बाजूंपेक्षा टोकांतून दहापट तरी वेगाने वाळतं, शिवाय वलयांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. मग फाटणार नाही तर काय! झाड तोडल्या तोडल्या टोकांना मेणाचा किंवा रंगाचा जाड थर द्यायचा असतो. भेगा पडून गेल्यावर फासलेला ताजा लाल रंग लाकडासाठी नसतो, गिऱ्हाइकासाठी असतो. 8 फुटी फळ्या हव्या असतील तर ओंडका साडेआठ फुटांचा घ्यावा. दोन्हीकडची तीन-तीन इंच या भेगांच्या नावे जातात.

वलयाला धरून कमानीत फिरणारी भेग मात्र दिसली की भावाची बोलणी मी तिथेच थांबवतो. दोन वलयांनी एकमेकांशी फारकत घेतलेली असते आणि ती आत किती लांब गेलीय ते करवतीलाच कळतं. फळी हातात येते, पण दोन तुकड्यांत.

मग वलयांच्या केंद्रातला ठिपका शोधावा. तो मधोमध हवा. एका कडेला सरकलेला असेल तर झाड कललेलं उभं होतं. अशा झाडाच्या वरच्या अंगाचं लाकूड ताणलेलं असतं: चिरताना फळी करवतीवरच वाकते, पातं आवळून धरते आणि रंधा मारला तरी पृष्ठभाग केसाळच राहतो. सालीवरच्या रेघा तिरक्या चढत गेल्या असतील तर आत पीळ आहे, आणि त्या फळ्या वाळताना पंख्याची पाती व्हायला बघतात. सालीवर भुवई उमटली असेल तर तिच्याखाली गाठ धरून चाला. फांदी कधीच गळून पडली, पण झाड काही विसरत नाही.

पांढऱ्या भागाचंही बघावं. सागवानात, अक्रोडात पैसे गराचे, म्हणजे आतल्या गडद लाकडाचे द्यायचे. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यात पिठूळ अंश असतो आणि भुंगेऱ्यांना तो फार आवडतो. मेपलमध्ये सगळं उलटं, तिथे पांढऱ्यालाच मान.

आता खिळे. अंगणातलं किंवा कुंपणालगतचं झाड स्वस्त मिळतं त्याला कारण असतं. खोडात छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा झाड कितीही वाढलं तरी त्याच उंचीवर राहतो, फक्त दरवर्षी आणखी आत जातो. म्हणजे बुंध्याचा जो ओंडका सर्वांत जाड, सरळ आणि महाग, नेमका त्याच्यातच तार, कडी, कुणाच्या तरी पाटीचा स्क्रू. ओक आणि अक्रोडासारख्या टॅनिनच्या (तुरट द्रव्याच्या) लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पसरतो आणि टोकाला दिसतो. विकणारा त्याला "नैसर्गिक छटा" म्हणतो. हातातला मेटल डिटेक्टर काही इंचांपर्यंतच ऐकतो. त्यापुढचं पातं शोधून काढतं आणि पात्याचे पैसे आपण देतो.

खरी कसरत मापाची. गोल ओंडका मोजायची हॉपस पद्धत 1736 पासून छापील आहे: घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. घेर 48 इंच, लांबी 10 फूट. चौथा हिस्सा 12 इंच म्हणजे 1 फूट, तेव्हा माप 10 घनफूट. प्रत्यक्षात गोल ओंडक्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. हे पावणेतीन घनफूट फुकट मिळाल्याचा आनंद फार करू नये. ते कडेच्या सालपटांत आणि भुशात जायचंच असतं. बँडसॉची (पट्टा करवतीची) प्रत्येक चीर सुमारे 3 मिलिमीटर खाते, गोल करवत त्याच्या दुप्पट.

पण टेप कुठे लावली ते बघा. ती लांबीच्या मध्यावर, साल काढून लावायची असते. अर्धा इंच जाडीची साल मापात घेतली की घेर तीन इंचांनी वाढतो आणि 10 चे सव्वाअकरा घनफूट होतात. म्हणजे चुलीत घालायच्या सालीला सागवानाचा भाव. बुंध्याकडे टेप सरकवली तर आणखी. "एवढं काय बघता, उन्नीस-बीस चालतं," असं ऐकू आलं तर त्यातला उन्नीस आपल्याला आणि बीस त्याला, एवढं समजून घ्यावं.

आणि "आपण दोघं मिळून टाकू टेंपोत" म्हणणाऱ्या मित्राला आधीच सांगावं की ओलं कठीण लाकूड जवळपास पाण्याइतकं जड असतं. हाच 10 घनफुटी ओंडका साडेतीनशे किलोंच्या आसपास भरतो. उचलणीची बोली पैसे मोजायच्या आधी करावी. पावती झाल्यावर वखारीतली सगळी माणसं जेवायला गेलेली असतात.