खाडीसफाईचा मुहूर्त

ठाणे खाडी साफ करायला निघालात म्हणता? उत्तम. आधी रविवार पक्का करा. सकाळी 8 ची वेळ सगळ्यांना सोयीची असते, आणि खाडीला विचारायची पद्धत नाही. कोळीवाड्यातले एखादे आजोबा सांगतील, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला 3 वाजता भरती, म्हणजे 9 च्या सुमारास ओहोटी. ऐरोलीसारख्या आतल्या भागात आणखी थोडी उशिरा. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आठवड्याने, एकादशीला, हिशेब उलटतो: सव्वाआठला भरती, आणि मागच्या रविवारी जिथे चिखल उघडा होता तिथे पाणी. आजोबांचं ऐकून घ्या, त्यांना नमस्कार करा आणि फ्लेक्सवर ‘दर रविवारी सकाळी 8’ छापून घ्या.

येताना पांढरे स्पोर्ट्स शूज घाला, फोटोत उठून दिसतात. गुडघाभर चिखलात पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. घोट्याला घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट घालावेत, अडकलेला पाय सरळ उपसण्याऐवजी टाच हलवून आधी हवा आत जाऊ द्यावी, हे माहीत असलेले लोक प्रसिद्धीच्या बाबतीत मागेच राहतात. हातमोजे दवाखान्यातले पातळच घ्या. खाली कालवांची धारदार शिंपलं, काचा आणि क्वचित इंजेक्शनच्या सुया असतात. जाड रबरी मोज्यांनी हे अनुभव हुकतात.

तिवराच्या, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाभोवती जमिनीतून पेन्सिलीएवढे कोंब वर आलेले दिसतील. त्या काटक्या समजा. ती श्वसनमुळं आहेत, खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड त्यांतून श्वास घेतं, आणि प्लास्टिकची पिशवी त्यांच्यावर टोपीसारखी बसली की घुसमटतं. म्हणजे पिशवी काढायला गेलंच पाहिजे. पण दोघांनी एकाच पाऊलवाटेने आत जाऊन पिशव्या बाहेर देणं आणि बाकीच्यांनी काठावर साखळी करणं हा फार कंटाळवाणा प्रकार. साठ जणांची आडवी रांग करून घोषणा देत घुसा. अर्धी गाडलेली साडी किंवा जाळं दिसलं तर चौघांनी मिळून रस्सीखेच खेळा. वर आलेला भाग कात्रीने कापून उरलेला तसाच सोडला, तर मुळं उपटून येण्याची मजा कुठून येणार?

थर्माकोलची पेटी गोणीत मावत नसेल तर लाथेने फोडा. पांढरे मणी वाऱ्यावर आणि पाण्यावर जे पसरतील ते या जन्मी कोणाला वेचता येणार नाहीत, म्हणजे तेवढं काम कमी.

वजन मात्र नीट करा, कारण बातमी वजनाचीच होते. गाळ झटकू नका. काळ्या पातळ पिशव्या तळातून फाटतात, म्हणून एवढ्यापुरत्या तांदळाच्या रिकाम्या गोण्या चालतील, पण दोन-तृतीयांश भरून थांबू नका. काठोकाठ भरलेली ओली गोणी दोघांना उचलत नाही, आणि तिच्यातला बराचसा ऐवज खाडीचाच चिखल असतो. आकडा पाहा कसा फुगतो. चिखलाने माखलेलं वेफरचं पाकीट भंगारवाला घेत नाही, कोरडं असलं तरी घेत नाही. पालिकेची गाडी आधी पत्र देऊन ठरवावी लागते. न ठरवता गोण्या तिवरांच्या कडेला रचून घरी जा. पुढच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी त्या स्वतःच उचलते.

झाडं लावल्याशिवाय मोहिमेला शोभा नाही. जिथे मोकळा चिखल दिसेल तिथे रोपं खोचा. फ्लेमिंगो त्याच चिखलात मान उलटी घालून चरतात, पण त्यांनी दुसरीकडे जावं. भाषणात सांगायला विसरू नका, की 2015 साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 साली ही खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी घेण्याचं भाषणात नसलं तरी चालेल.

राडारोड्याकडे बघूच नका. रात्री डंपर येतो, तिवरांच्या कडेला एक खेप ओततो, मग तिथवर भरतीचं पाणी पोचत नाही आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनाच्या तोडीला बंदी केली, भोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. पण डंपरचा नंबर टिपायचा, जागेच्या खुणेसह फोटो काढायचा, लेखी तक्रार करून पोच घ्यायची, दर पंधरा दिवसांनी विचारत राहायचं, यात टी-शर्ट कुठेच दिसत नाही.

आणि नाला. बाटल्या, निर्माल्य, चपला, सगळं त्याच तोंडातून येतं. तोंडाशी जाळी बसवता येते, पण ती पावसाळ्यात रोज उपसावी लागते, नाहीतर पाणी मागे वस्तीत तुंबतं आणि कोणीतरी ती रात्रीतून कापून टाकतं. रोज उपसणाऱ्या दोन माणसांची मजुरी द्यायला प्रायोजक मिळत नाही. ग्रुप फोटो घेताना नाल्याकडे पाठ करा, उजेडही त्या बाजूने चांगला पडतो.

चतुर्थीची मोहीम अशी यशस्वी झाली की पुढची लगेच येत्या रविवारी लावा, सकाळी 8 वाजता. त्या दिवशी एकादशी आहे, म्हणून नाश्त्याला पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी सांगून ठेवा.