‘स्वयंसेवकांच्या तपासणीला किंमत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सॉफ्टवेअर खरेदी करणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरतो: स्वयंसेवकांनी तपासलेल्या मुक्त सॉफ्टवेअरवर (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो) विसंबू नका, ते फुकट काम करतात, चूक झाली की हात वर करतात, दर्जा ठरवावा तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनेच. या समजापायी चांगली सॉफ्टवेअर न तपासताच बाद होतात, म्हणून हे उत्तर.

‘जबाबदार कोण?’ स्वयंसेवक भरपाई देत नाहीत, हे कबूल. पण विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना करारही वाचून पाहा. कायद्याने चालेल तितकी जबाबदारी बहुतेक कंपन्या त्यात झटकतात. कॉमन क्रायटेरिया या सुरक्षा तपासणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या प्रमाणपत्रांवरसुद्धा ‘ही उत्पादनाची हमी नव्हे’ अशा अर्थाचा मजकूर असतो.

‘प्रयोगशाळेचा शिक्का म्हणजे दर्जा.’ दावा सर्वांत लंगडा पडतो तो इथे. शिक्का मिळतो ठरावीक आवृत्तीला, ठरावीक कसोट्यांपुरता. २०१७ मध्ये एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांवरची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. त्यांतल्या इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपवर तयार होणाऱ्या आरएसए किल्ल्या (डिजिटल सही आणि गुप्तलेखनासाठीच्या संख्यांच्या जोड्या, एक सार्वजनिक, एक खासगी) इतक्या कच्च्या होत्या, की सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणे शक्य होते. चिप मात्र रीतसर प्रमाणित होती! दोष शोधला तो चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तोही नुसत्या किल्ल्यांचा अभ्यास करून, कारण आतला कोड बंद होता.

‘फुकटचे काम म्हणजे हलगर्जी.’ इथे हार्टब्लीडचे नाव निघणारच. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधला तो दोष दोन वर्षे कुणाच्या लक्षात आला नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. हे अपयश खरेच मोठे होते. पण त्यावरून सगळ्या समुदायांना एकाच मापाने मोजू नका. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीचे काम पाहा. १९९७ च्या सामाजिक करारात त्यांनी दोष लपवणार नाही असे लिहून दिले आणि त्यांची दोषनोंद कुणालाही वाचता येते. नवे पॅकेज (वापरासाठी बांधून ठेवलेले सॉफ्टवेअर) आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते, तिथून ‘टेस्टिंग’मध्ये जाते आणि ‘स्टेबल’ची पाळी शेवटी. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा आकुंचित करणाऱ्या लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअर वापरतात त्या तयार कोडमध्ये) मुद्दाम घुसवलेले चोरदार सापडले, तेव्हा ते ‘टेस्टिंग’पर्यंत आले होते, ‘स्टेबल’मध्ये नव्हते. ते पकडणारे आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचे पगारी अभियंते, हे खरे. पण एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन करायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग ते काढू शकले, कारण सगळे उघड्यावर होते.

दाव्यातला एक भाग मात्र मला पटतो. ज्यांनी लिहिले त्यांनीच स्वतःला शिक्का द्यावा, हे चालणार नाही. ओपनएसएसएफ या मुक्त सॉफ्टवेअरच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सर्वोत्तम पद्धतींचा बिल्ला प्रकल्प स्वतःच उत्तरे भरून मिळवतात. खरेदीदाराने त्याला प्रमाणपत्र समजू नये. डेबियनमध्ये पॅकेज सांभाळणारा बहुधा मूळ लेखकाहून वेगळा असतो. समुदायाकडून मागायचे ते हे वेगळेपण. शिवाय कोणती आवृत्ती, काय तपासले, काय राहिले, तेही लेखी मागावे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर रेझिलियन्स कायद्यात मुक्त सॉफ्टवेअरच्या सुरक्षेसाठी ऐच्छिक साक्षांकनाच्या योजना उभारण्याची तरतूद आहे. समुदायांनी आपल्या नोंदी आतापासूनच त्या तोडीच्या ठेवायला हव्यात.